दोनशे दहा

"मास्तर, कितक्या?"

"चारशे."

"बगलंस काय उगाच सांगतंस?"

"बघून सांगितलं. चारशे."

स्पीकरमधून हसण्याचा आवाज आला. हेलियममध्ये माणूस हसतो तेव्हा कोंबडीच्या पिलाला कोणीतरी गुदगुल्या करतंय असं वाटतं. तो आवाज जरा माणसात यावा म्हणून मध्ये एक यंत्र बसवलेलं होतं, पण ते अर्धंच काम करायचं. शब्द कळायचे, माणूस कळायचा नाही.

जयवंत तारी आणि त्याचे दोन जोडीदार, साजी आणि बिस्वास, जहाजाच्या पोटातल्या एका पोलादी टाकीत राहत होते. मुंबईपासून लांब, भर समुद्रात तेलाच्या नळांचं काम चाललं होतं. तळ सत्तर मीटरवर. इतक्या खोल रोज उतरायचं म्हटलं तर प्रत्येक वेळी वर येण्यातच दिवसच्या दिवस जातात. म्हणून अशा पाणबुड्यांना तीन-चार आठवडे टाकीतच ठेवतात आणि टाकीतला दाब समुद्राच्या तळाएवढा करतात. कामाच्या वेळी घंटेसारख्या एका डब्यात बसून खाली जायचं, काम आटोपलं की परत टाकीत. जेवण तिथेच, झोप तिथेच. भिंतीच्या अलीकडे मी, त्यांच्या ऑक्सिजनच्या काट्यासमोर खुर्ची टाकून. दुपारी बारापासून माझी पाळी सुरू व्हायची.

मी मिरजेचा, शेडबाळे. रसायनशास्त्रातला पदवीधर. मला धड पोहताही येत नाही, आणि नोकरी मिळाली ती ही. जयवंत निवतीचा, गाबितांच्या, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांच्या घरातला, आधी नौदलात होता. मी सारखा कागदावर गणितं करत बसतो म्हणून त्याने पहिल्या आठवड्यातच मला मास्तर करून टाकलं.

गणित तसं साधं आहे. आपण घेतो त्या हवेत ऑक्सिजन पाचवा भाग. पण हीच हवा सत्तर मीटरच्या दाबाखाली, म्हणजे आठपट दाबून दिली, तर तो ऑक्सिजन माणसाला विष होतो, आणि बाकीच्या नायट्रोजनने दारू प्यायल्यासारखी गुंगी येते. म्हणून टाकीत नायट्रोजनच्या जागी हेलियम भरायचा, आणि ऑक्सिजन शंभरात जेमतेम पाच भाग ठेवायचा. ऐकणाऱ्याला वाटतं, पाचच? माणूस गुदमरेल. गुदमरत नाही. शरीर टक्के मोजत नाही, एकूण दाबात ऑक्सिजनचा स्वतःचा वाटा किती ते मोजतं. तो वाटा आम्ही चारशे मिलिबारवर धरून ठेवायचो. जयवंत दिवसातून चार-पाच वेळा विचारायचा तो आकडा हाच. टाकीत उपकरण होतं, त्याला स्वतःलाही बघता आलं असतं. पण पॅनेलवरच्या माणसाला विचारायचं, हा त्याचा नेम.

एकदा त्याने विचारलं होतं, "हेलियम एवढो, आक्सिजन एवढोसो. मगे तो त्येका दाबून टाकणा नाय?"

"नाही. एका डब्यात कितीही वायू भर, प्रत्येक जण आपापला दाब देतो. बाकीचे तिथे नाहीतच असं समजून."

"म्हंजे आमच्या वाडयेतले भावबंद," तो म्हणाला. "एका घरात, पण जो तो एकटो."

दसऱ्याला आम्ही टाकीतल्या माणसांना घरी फोन जोडून दिला. जयवंतच्या घरी त्याच्या आईने उचलला. आम्ही सगळे ऐकत होतो. तशी रीतच होती, कारण फोन माझ्या पॅनेलवरून जायचा.

"आये, मी जयवंत."

"कोण रे मेल्या तू?"

"आये, मी. जयवंत."

"तू काय माझो झील नाय. माझ्या झिलाचो आवाज माका ठावक हा." आणि तिने फोन ठेवला.

आम्ही पोट धरून हसलो. साजी तर खाटेवरून पडायचाच राहिला. दोन दिवस बिस्वास त्याला जाता-येता "कौन रे मेल्या" म्हणत होता, त्याच चिरक्या आवाजात. जयवंतही हसला. परत फोन जोडू का विचारलं तर म्हणाला, "आता नको. वर गेल्यावर करतंय, माझ्या आवाजात."

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी, दुपारचा चहा घेऊन मी नुकता बसलो होतो, तेव्हा नाझरेथ साहेब आत आले. ते पाणबुड्यांचे मुख्य. मडगावचे, नौदलातले जुने, मोजकं बोलणारे. त्यांनी आधी स्पीकरचं बटण बंद आहे ना ते पाहिलं.

"तारीची आई गेली. सकाळी. भावाचा फोन होता."

मी चहाचा पेला खाली ठेवला. काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, हे कळत होतं. दसऱ्याला जिला हसलो होतो ती बाई, एवढंच डोक्यात आलं, आणि तेही दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यात आल्यासारखं. काटा चारशेच्या जरासा खाली गेला होता. मी थोडा ऑक्सिजन सोडला.

"त्याला सांगायचं नाही," नाझरेथ म्हणाले. "आतल्या माणसाला सांगून काय करणार? दार उघडता येत नाही. तो खचला, आदळआपट केली, तर बाकीचे दोघंही त्याच टाकीत आहेत. बाहेर आला की मी स्वतः सांगतो. वर आणायला आजच सुरुवात करू."

"काय कारण सांगायचं?"

"हवामान."

मी खिडकीतून बाहेर बघितलं. ऑक्टोबरातला समुद्र ताटात पाणी ओतल्यासारखा सपाट होता.

त्यांनी बटण दाबलं आणि आत सांगितलं की हवा बिघडतेय, काम थांबवलंय, आजपासून वर घेतो. कॅमेऱ्यात तिघे दिसत होते. साजीने आनंदाने हात वर केले. जयवंत जरा वेळ कॅमेऱ्याकडे बघत राहिला. गाबिताचा मुलगा, आणि जहाज हलतंय की नाही हे त्याच्या पाठीला कळत असणार.

"बरा, साहेब," तो म्हणाला.

थोड्या वेळाने भावाचा परत फोन आला. नाझरेथ डेकवर होते, मीच घेतला.

"मी सुधाकर तारी. दादा कदी येतलो?"

"चार दिवस लागतील."

"चार?" मागे बायकांचा आवाज येत होता. "आमी बरफ घालून ठेवतंव. पण चार दिवस नाय जमाचा. वायच लवकर नाय येवचो?"

मी त्याला थांबायला सांगितलं आणि कागद ओढला. उत्तर मला आधीच माहीत होतं, तरी ओढला. वर येताना दाब हळूहळू कमी करायचा, म्हणजे अंगात मुरलेला हेलियम सावकाश बाहेर पडतो. घाई केली तर तो रक्तात बुडबुडे धरतो आणि माणूस कायमचा अधू होतो, नाहीतर जातो. वेळ वाचवायला एकच जागा असते, ती ऑक्सिजनच्या वाट्यात. आम्ही वर येताना तो पाचशेवर नेतोच. सहाशे धरला तर? करून बघितलं. अर्धाएक दिवस वाचत होता, आणि त्याच्या बदल्यात तिघांच्याही फुप्फुसांना सूज. पुढे शेवटच्या दहा-बारा मीटरला तर तेही जमत नाही. तिथे एकूण दाबच इतका उतरलेला असतो की ऑक्सिजनचा वाटा टिकवायला टक्के वाढवावे लागतात, आणि तेविसाच्या वर गेलं की एका ठिणगीत टाकी पेटते. तिथे वाटा खाली येऊ द्यायचा आणि गप्प बसायचं.

हे सगळं मी सुधाकरला सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. एवढंच म्हणायचं होतं की नाही जमणार. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही.

"साहेब, माका त्यातला काय कळणा नाय," तो शेवटी म्हणाला. "थोरलो तो हा. अग्नी त्येना देवचो. मगे आता मी देऊ काय?"

एका परक्या माणसाने, भर समुद्रातून, काय सांगावं? पण तो उत्तराची वाट बघत होता.

"द्या तुम्ही," मी म्हणालो.

"दादाक सांगलात?"

"नाही."

"बरा केलात," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

फोन ठेवल्यावर मी पुन्हा काट्याकडे बघितलं. मला माझीच लाज वाटायला हवी होती, पण तीही येईना. मी कागदाची घडी केली आणि खिशात घातली.

संध्याकाळी भटारखान्यातून कुकचा फोन आला. टाकीतलं जेवण दुहेरी दाराच्या एका छोट्या कपाटातून आत जातं, आणि ते माझ्या हाताखालून जातं. "सुरमई मिळालीय," कुक म्हणाला. "तारीसाठी मोठे तुकडे ठेवलेत. तिखलं करू की तळू?"

"मासे नकोत."

"काय?"

"टाकीत चार दिवस मासे पाठवू नका. अंडीही नकोत. वरणभात, भाजी."

"तीन माणसं मासेखाऊ आहेत तिथे. मला शिव्या घालतील."

"एकाचं पोट बिघडलंय," मी म्हणालो.

नाझरेथांना मी हे विचारलं नाही. विचारण्यासारखं काही आहे असंही वाटलं नाही. आई गेलेल्या माणसाला त्याच दिवशी सुरमई वाढायची नसते, एवढं आमच्या मिरजेतही कळतं. त्याला माहीत नव्हतं, पण मला होतं, आणि ताट माझ्या हातून जात होतं. निदान एवढं तरी रीतीने होऊ दे, असा काहीसा विचार असेल.

डबे आत गेले. बिस्वासने झाकण काढलं आणि कॅमेऱ्यासमोर धरलं. "ये क्या है? मछली कहां है?" त्या चिरक्या आवाजात तक्रारसुद्धा नाटकातली वाटत होती. साजीनेही काहीतरी पुटपुटलं.

जयवंत डब्याकडे बघत बसला होता. बराच वेळ. मग त्याने भात कालवला.

"खा चुपचाप," तो बिस्वासला म्हणाला.

त्या रात्रीपासून तो आकडा विचारायचा बंद झाला. पाळी संपवून जाताना मला ते जाणवलं, आणि हायसं वाटलं. त्याच्याशी जितकं कमी बोलावं लागेल तितकं बरं होतं. तो विचारेना, म्हणून मीच मधूनमधून सांगू लागलो. "जयवंत, पाचशे." तो हात वर करायचा. बस्स.

टाकी वर येत होती, म्हणजे जागची हलत नव्हती, फक्त दाब उतरत होता. सत्तरचे साठ, साठाचे पन्नास. मी गणितं करत होतो, झडपा फिरवत होतो, चहा पीत होतो. निवतीला काय चाललं असेल ते डोळ्यांसमोर आणून बघायचो. समुद्राकाठी चिता, धाकटा भाऊ, ओलं धोतर. चित्र यायचं आणि जायचं. जत्रेतल्या फोटोवाल्याच्या पडद्यासारखं, पुढे उभं राहावं एवढंच.

एक गोष्ट तेवढी खटकत होती. तीन माणसं झोपली की ऑक्सिजन हळू उतरतो. किती हळू ते मला पाठ झालं होतं. त्या दिवसांत दुपारच्या विश्रांतीत तिघे खाटांवर आडवे असायचे, दिवे मंद, आणि तरी काटा झोपेच्या मानाने लवकर खाली यायचा.

नाझरेथ मागे उभे राहून बघत होते. "आत कोण जागं आहे?" त्यांनी विचारलं.

कॅमेऱ्यात तिघेही झोपलेले. जयवंतचं तोंड भिंतीकडे होतं.

"बिस्वासला सर्दी आहे. श्वास जोरात चालतो," मी म्हणालो. मला तसंच वाटत होतं.

"हं," म्हणून ते निघून गेले. काय सांगायचं, कसं सांगायचं, याची ते मनात उजळणी करत असावेत. जेवणाच्या टेबलावर एकदा मला म्हणाले, "मी आजवर अशी बातमी दोघांना दिलीय. दोन्ही वेळा आधी वाक्य ठरवून ठेवलं होतं. दोन्ही वेळा विसरलो."

जयवंतने त्या दिवसांत कोणाला त्रास दिला नाही. दिलेलं खाल्लं. बिस्वास पत्ते खेळायला बोलवायचा, तर बसायचा आणि दोन डाव खेळून उठायचा. दाढी मात्र केली नाही. टाकीत कोण दाढी करतं म्हणा, साजीनेही केली नव्हती. मला ते दिसत होतं, आणि दिसून काही होत नव्हतं.

शेवटच्या दिवशी ऑक्सिजनचा वाटा ठरल्याप्रमाणे उतरू लागला. पाचशेवरून चारशे, चारशेवरून तीनशे. मी आकडे सांगत गेलो आणि आतून हात वर होत गेला. दुपारी काटा दोनशे तीसवर आला. टाकीतला आणि बाहेरचा दाब एक झाला. पण आत अजून हेलियमच होता. दाब उतरला म्हणून आवाज परत येत नाही. तो दार उघडून खरी हवा आत गेल्यावरच येतो.

मी पॅनेल जोडीदाराकडे दिलं आणि दाराशी जाऊन उभा राहिलो. नाझरेथ तिथे होते, टोपी काढून हातात धरलेली. दाराचं चाक फिरलं. आतली कोंदट ऊब अंगावर आली. बिस्वास आधी बाहेर आला, डोळे मिचकावत. मग साजी. साजीने नाझरेथांच्या हातातली टोपी बघितली, आणि न बोलता बिस्वासचा दंड धरून त्याला पुढे घेऊन गेला.

जयवंत बाहेर आला नाही. तो दाराच्या आत, खालच्या खाटेच्या कडेला बसला होता. पाय जमिनीला टेकलेले, हात गुडघ्यांवर. तो फक्त श्वास घेत होता. मोठे, सावकाश. वरून आलेल्या वाऱ्याने त्याचे केस हलत होते.

"जयवंत," नाझरेथ म्हणाले, "एक गोष्ट..." आणि थांबले. वाक्य तिसऱ्यांदा विसरले असावेत.

जयवंतने हाताने त्यांना थांबवलं. "मास्तर," तो म्हणाला. आवाज अजून चिरकाच होता, जरा खाली आलेला. त्याने मान हलवली, नाही म्हटल्यासारखी, आणि पुन्हा श्वास घेऊ लागला. आम्ही उभे राहिलो. वर कोणीतरी साखळी ओढत होतं.

"मास्तर, कितक्या?"

या वेळी आवाज जाड होता, थोडा घोगरा. टाकीत जाण्याआधी मी तो ऐकला असणार, पण विसरलो होतो.

"दोनशे दहा," मी म्हणालो. "घरी असतो तेवढाच."

त्याने मान डोलावली. मग नाझरेथांकडे बघून म्हणाला, "ठावक हा साहेब. आवस गेली."

नाझरेथांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, मी सांगितलं नाही म्हणून.

"कधीपासून माहीत आहे?" मी विचारलं.

"हवा बिगाडता म्हटल्यात तेवा वाटला, काय तरी हा. मगे वरणभात इलो." तो माझ्याकडे बघत होता, रागाने नाही. "मासे बंद केलंस तू. सुतकात करतत तसे. आमच्या घरात पिकला पान एकच होता."

चार दिवस मी तोंड मिटून बसलो होतो, आणि बातमी पहिल्याच संध्याकाळी माझ्याच हाताने डब्यातून आत गेली होती.

"मग बोलला का नाहीस? आम्हाला नाही, निदान साजीला तरी. रडला असतास, मोकळा झाला असतास."

"त्या आवाजात?"

तो उठला. दाराच्या कडेला हात धरून उभा राहिला, पण बाहेर आला नाही.

"त्या आवाजात हाक मारून काय उपयोग, मास्तर? तिना माका वळाखला नसता."

इतके दिवस बधिर होऊन पडलेलं काहीतरी माझ्या छातीत तेव्हा पहिल्यांदा दुखलं. नाझरेथांनी मान खाली घातली.

जयवंत मागे वळला, रिकाम्या टाकीकडे तोंड करून, आणि त्याने हाक मारली.

"आये."

पोलादात ती घुमली. आवाज त्याचाच होता.